डिझेल पंपाची गळती : आधी जागा शोधावी, मग पाना उचलावा

चंद्रपूरलगत, दुर्गापूरच्या शेजारी वसलेले ऊर्जानगर महाराष्ट्राला ठाऊक आहे ते विजेसाठी. १९८३ साली २१० मेगावॉटच्या पहिल्या संचाने सुरुवात केलेले येथील महाऔष्णिक वीज केंद्र पुढे ५०० मेगावॉटच्या संचांनी विस्तारत गेले. इरई धरणाचे पाणी आणि आसपासच्या खाणींतील कोळसा हे त्याचे अन्नपाणी. परंतु कोळशावर चालणाऱ्या या नगरीचे डिझेलवाचून एक दिवसही भागत नाही, हे बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. कोळशाचे ढीग सपाट करून दाबणारे बुलडोझर, उघड्या खाणींत मातीचे थर उपसणारे डंपर, पाण्याचे टँकर आणि वीजच गेली तर केंद्राला सावरून धरणारी आपत्कालीन जनित्रे, ही सारी डिझेलवर चालतात. ऊर्जानगर सोडून मूल, सिंदेवाही किंवा गडचिरोलीच्या दिशेने निघाले, की धानाच्या बांध्या लागतात आणि बोडीच्या वा मामा तलावाच्या काठावर ऑइल इंजिनाची धडधड ऐकू येते.

या सर्व इंजिनांत एक अवयव समान आहे. त्याला पुस्तकात इंधन अंतःक्षेपण पंप म्हणतात; गॅरेजमध्ये तो नुसता ‘डिझेल पंप’ असतो. इंजिनातील सर्वांत नाजूक, सर्वांत महाग आणि सर्वांत जास्त वेळा चुकीच्या हातांनी उघडला जाणारा भाग हाच. त्यातून डिझेल पाझरू लागले, की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : पाना घ्यायचा आणि दिसेल तो नट आणखी आवळायचा. गळती थांबली तर ठीक, न थांबल्यास एम-सील किंवा साबणाचा लेप. यातून पंपाचे जितके नुकसान होते, तितके मूळ गळतीने क्वचितच होत असेल.

थेंबाचा हिशेब

गळती कुठून होते हे समजण्यासाठी पंप काय करतो हे आधी पाहिले पाहिजे. पाच अश्वशक्तीचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे एक सिलिंडरचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण एक लिटर डिझेल घेते. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा इंधन सोडले जाते, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा आणि तासाला ४५,००० वेळा. एका लिटरला या संख्येने भागले, तर प्रत्येक वेळी सोडले जाणारे डिझेल जेमतेम एका थेंबाएवढे भरते. हा एक थेंब मोजून घ्यायचा, शेकडो वातावरणांच्या दाबाने ढकलायचा आणि सेकंदाच्या दोन-तीन सहस्रांश भागात, ठरल्या क्षणी, नोझलमधून धुक्यासारखा फवारायचा, हे या पंपाचे काम.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवले, तेव्हा त्यांच्यापाशी असा पंप नव्हता. इंधन आत फुंकण्यासाठी दाबलेली हवा वापरावी लागे आणि त्या हवेसाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. इंजिन इतके अवजड होई, की ते वाहनावर बसवण्याचा प्रश्नच नव्हता. रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने १९२२ मध्ये या प्रश्नाला हात घातला आणि १९२७ पासून असे पंप कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागले. ट्रक, ट्रॅक्टर आणि बुलडोझर डिझेलवर आले ते त्यानंतर. भारतात १९५१ साली बंगळूरमध्ये ‘मायको’ स्थापन झाली. तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर तयार होऊ लागले. २००८ मध्ये या कंपनीचे नाव बदलून बॉश झाले, पण जुन्या मिस्त्रींच्या तोंडी ‘मायको पंप’ हाच शब्द राहिला.

पंपाच्या पोटात एक पोलादी दांडा, म्हणजे प्लंजर, आणि तो ज्यात वरखाली होतो ते नळकांडे, म्हणजे बॅरल, अशी जोडी असते. बाजारात या जोडीला ‘एलिमेंट’ म्हणतात. दोहोंत रबराची किंवा धातूची कडी नसते. एकमेकांवर घासून ते इतके तंतोतंत बसवलेले असतात, की मधली फट दोन ते चार मायक्रॉन राहते. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. म्हणून एका पंपाचा प्लंजर दुसऱ्या बॅरलमध्ये चालत नाही, आणि तळहातावर प्लंजर घेऊन त्यावर बोट फिरवण्याची सवय जुने कारागीर शिकाऊ मुलांना पहिल्याच दिवशी सोडायला लावतात. घामाने त्यावर गंज धरतो.

एलिमेंटच्या डोक्यावर डिलिव्हरी झडप असते. प्लंजरने दाब दिला की ती उघडते आणि दाब सरताच मिटते. मिटताना नळीतला दाब ती किंचित मागे ओढून घेते, त्यामुळे नोझल झटक्यात बंद होते आणि टोकाशी थेंब लोंबत नाही. या झडपेला वरून दाबून धरणारा जाड पेचाचा तुकडा म्हणजे डिलिव्हरी होल्डर. तिथूनच नोझलकडे जाणारी जाड भिंतीची पोलादी नळी निघते.

गळतीच्या दृष्टीने पंपाचे म्हणूनच तीन प्रदेश पडतात. टाकीकडून पंपात येणारे इंधन कमी दाबाचे असते, डिलिव्हरी झडपेपासून नोझलपर्यंतचे इंधन जबरदस्त दाबाचे असते, आणि तिसरा प्रदेश डोळ्यांना न दिसणारा, पंपाच्या आतून इंजिनाच्या ऑइलकडे जाणारा. कोणत्या प्रदेशात गळती आहे त्यावर दुरुस्ती जागेवर करायची, की पंप उतरवून पंपाच्या कारागिराकडे न्यायचा, हे ठरते.

आधी शोध

ओला दिसणारा भाग आणि गळणारा भाग एकच असेल असे नाही. डिझेल पृष्ठभागावर पसरते, खाली ओघळते, पंख्याच्या वाऱ्याने मागे उडते आणि कोळशाच्या धुळीत मिसळून काळा चिखल होते. खाणीतल्या किंवा कोळसा यार्डातल्या यंत्रावर तर संपूर्ण पंप एकाच रंगाचा झालेला असतो. तेव्हा पहिले काम पंप धुण्याचे. इंजिन बंद आणि थंड असताना स्वच्छ डिझेल व ब्रशने पंप, नळ्या आणि फिल्टरचा भाग धुऊन कोरडा करावा. त्यावर खडूची किंवा टाल्कम पावडरीची पूड हलक्या हाताने भुरभुरावी. इंजिन मंद गतीवर चालवले, की पांढऱ्या पुडीवर ओलाव्याची पहिली रेघ उमटते. तीच गळतीची जागा. या साध्या युक्तीने अर्ध्याहून अधिक ‘पंप लीक’ पंपाचे नसल्याचे आढळते : वरच्या फिल्टरची चाकी, फीड पंपाची पडदी, नोझलकडून परत येणारी बारीक रबरी नळी किंवा एखादा तांब्याचा वॉशर.

हा शोध घेताना हाताने चाचपून पाहणे ही सर्वांत धोकादायक सवय आहे. दाबाच्या नळीला पडलेल्या सुईएवढ्या भोकातून निघणारी डिझेलची धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती त्वचा भेदून आत शिरते. बोटावर टाचणी टोचल्यासारखी खूण राहते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. डिझेल मात्र स्नायूंच्या आवरणातून पुढे पसरत जाते आणि ऊती मरू लागतात. अशा जखमेवर काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट आणि प्रसंगी हात गमावण्याची वेळ येते. चालत्या इंजिनावर संशयाच्या जागेसमोर पुठ्ठ्याचा तुकडा धरावा; धार असेल तर पुठ्ठ्यावर ओली रेघ उमटते. आणि अपघात झालाच, तर जखम किती लहान दिसते याकडे न पाहता थेट रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांना ‘दाबाचे डिझेल आत गेले आहे’ हे शब्द स्पष्टपणे सांगावेत. गडचिरोलीच्या दुर्गम भागात, जिथून शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय काही तासांच्या अंतरावर असते, तिथे ‘सकाळी बघू’ म्हणणे परवडणारे नाही.

जागेवर होणारी दुरुस्ती

कमी दाबाच्या बाजूची गळती बहुधा वॉशरची असते. पोकळ बोल्टने जोडलेल्या नळीच्या दोन्ही अंगांना तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर असतात. एकदा दाबले गेले की ते कडक होतात आणि दुसऱ्यांदा बसत नाहीत. नवा वॉशर हा त्यावरचा खरा उपाय. नाइलाज असेल तर तांब्याचा वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात विझवला, की तो पुन्हा मऊ होतो. जुन्याच वॉशरवर बोल्ट आवळत गेल्यास पंपाच्या ॲल्युमिनियमच्या अंगातील आटे निघून येतात आणि काही रुपयांची गळती अख्ख्या हाउसिंगवर जाते.

कमी दाबाच्या या गळतीचा एक परिणाम मात्र थेंबांच्या हिशेबाच्या पलीकडचा आहे. टाकी पंपाच्या खालच्या पातळीवर असेल, तर इंजिन बंद असताना ज्या फटीतून डिझेल बाहेर येते, त्याच फटीतून हवा आत जाते. नळीतले इंधन टाकीकडे परत उतरते. रोज चालणाऱ्या डंपरला याचा फारसा त्रास जाणवत नाही. सुरू व्हायला दोन मिनिटे जास्त लागतात, इतकेच. पण आपत्कालीन जनित्राची गोष्ट निराळी. वीज केंद्राचा बाहेरून होणारा सर्व पुरवठा तुटला, तर तापलेल्या टर्बाइनचा दांडा तसाच उभा ठेवता येत नाही. त्याच्या बेअरिंगना ऑइल मिळत राहिले पाहिजे आणि तो संथपणे फिरत राहिला पाहिजे, नाहीतर स्वतःच्या वजनाने आणि असमान थंड होण्याने तो वाकतो. सुरुवातीची वेळ बॅटऱ्या निभावून नेतात, नंतरची मदार डिझेल जनित्रावर असते. महिनोन्‌महिने उभे असलेले ते यंत्र नेमक्या त्या क्षणी, काही सेकंदांत, सुरू व्हावे लागते. पंपाच्या बोल्टखालचा एक चेपलेला वॉशर त्या क्षणी नळीत हवा भरून बसलेला असू शकतो.

दाबाच्या नळीचा नट गळत असेल, तर तो आधी सैल करावा, नळीचे शंकूसारखे टोक सरळ बसते की ताण देऊन बसवले आहे ते पाहावे आणि मग आवळावा. हे करताना दोन पाने लागतात. एकाने खालचा डिलिव्हरी होल्डर धरून ठेवायचा, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने काम केले, तर नटाबरोबर होल्डरही फिरतो आणि नळीची गळती मिटताना होल्डरची सुरू होते. नळ्यांना बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या दुरुस्तीनंतर परत न बसवणे हा आपल्याकडचा सार्वत्रिक आळस आहे. पट्टी नसलेली नळी कंपनाने थरथरत राहते आणि काही महिन्यांत नटाजवळच चिरते. चिरलेल्या नळीला डाग देऊन चालत नाही, ती बदलावी लागते. आणि बदलताना मूळ लांबीचीच घ्यावी लागते, कारण सर्व सिलिंडरना इंधन एकाच हिशेबाने पोहोचावे म्हणून नळ्यांची लांबी सारखी ठेवलेली असते.

डिलिव्हरी होल्डरच्या बुडाशी ओलावा दिसला, तर आतली रबरी रिंग किंवा झडपेखालचा वॉशर गेलेला असतो. कुशल फिटर हे काम पंप न उतरवता करू शकतो. मात्र एका वेळी एकच होल्डर उघडावा, झडप आणि तिची बैठक ही जोडी दुसऱ्या जोडीत मिसळू देऊ नये आणि होल्डर परत बसवताना टॉर्क पाना वापरावा. किती आवळायचे याचा आकडा त्या त्या पंपाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. येथे अंदाज चालत नाही, याला कारण आहे. हा होल्डर केवळ झडपेला दाबत नाही, बॅरललाही जागेवर धरतो. तो प्रमाणाबाहेर आवळला, तर बॅरल सूक्ष्मसा चेपतो, प्लंजर अडकू लागतो आणि त्याला फिरवून इंधन कमीजास्त करणारी दातेरी पट्टी, म्हणजे रॅक, जड होते. रॅक जास्त इंधनाच्या स्थितीत अडकली, तर गव्हर्नरचे काही चालत नाही आणि इंजिन बेफाम पळते. म्हणून होल्डर आवळल्यानंतर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, रॅक बोटाने हलकेच सरकते की नाही हे पाहणे अनिवार्य आहे.

शेतातल्या एक सिलिंडरच्या इंजिनावर हाच धोका वेगळ्या वाटेने येतो. त्यावरचा छोटा पंप दोन-तीन बोल्टवर उभा असतो आणि त्याच्या रॅकची खुंटी गव्हर्नरच्या चिमट्यात अडकवायची असते. पंप परत बसवताना खुंटी चिमट्याबाहेर राहिली, तर इंजिन सुरू होताच वेग वाढतच जातो. अशा वेळी हवेचे तोंड फळीने किंवा जाड पाटाने झाकून इंजिन विझवावे लागते. हात किंवा कापड लावू नये, ते ओढले जाते. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा इंजिन सुरू करताना फळी हाताशी ठेवणारा मिस्त्री घाबरट समजला जातो. तसे समजणाऱ्यांनी पळते इंजिन पाहिलेले नसते.

याच छोट्या पंपाच्या बुडाशी पातळ पत्र्याच्या पट्ट्या, म्हणजे शिम, असतात. पंप उतरवताना त्या निसटून धुळीत पडतात आणि परत बसवताना एखादी कमी-जास्त होते. शिम वाढली की इंधन उशिरा सुटते, इंजिन धूर सोडते आणि तापते. कमी झाली की लवकर सुटते आणि इंजिन ठोके देते. शिम हरवल्याची शंका असेल, तर डिलिव्हरी झडप व तिची स्प्रिंग काढून ठेवून होल्डरवर बारीक वाकडी नळी बसवतात आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू फिरवतात. नळीतून येणारी डिझेलची धार ज्या क्षणी थांबते, तो इंधन दाबले जाण्याचा आरंभ. त्या क्षणी फ्लायव्हीलवरची खूण इंजिनावरच्या खुणेशी जुळली पाहिजे. या तपासणीला पान्यांपलीकडे कोणतेही यंत्र लागत नाही, लागतो तो अर्धा तास.

न दिसणारी गळती

बाहेर एक थेंबही दिसत नाही, तरी पंप गळत असतो, हे अनेक मालकांना पटत नाही. जुन्या ट्रॅक्टरवरचा गोल, फिरत्या रोटरचा पंप आपल्याच डिझेलने वंगण घेतो. त्याच्या दांड्याचे सील झिजले, की डिझेल टायमिंग गिअरच्या पेटीत आणि तिथून ऑइल चेंबरमध्ये उतरते. ओळीत प्लंजर असलेल्या पंपात एलिमेंट झिजले, की डिझेल पंपाच्या तळाशी झिरपते. पंपाला ऑइल इंजिनाकडूनच मिळत असेल, तर तेही शेवटी इंजिनात जाते. बाहेरून पाहणाऱ्याला एवढेच दिसते, की ऑइलची पातळी महिन्याभरात उतरलेली नाही. इंजिन ऑइल खात नाही म्हणून मालक समाधानी असतो. प्रत्यक्षात जळालेल्या ऑइलची जागा डिझेलने भरून काढलेली असते आणि बेअरिंगना वंगण म्हणून पातळ पाणी मिळत असते. पुढचा खर्च पंपाचा राहत नाही, क्रँकशाफ्टचा होतो.

हे ओळखणे अवघड नाही. डिपस्टिकवरची पातळी वाढलेली असेल, ऑइल बोटांत पातळ लागत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर संशय घ्यावा. टिपकागदावर ऑइलचा एक थेंब सोडून तासाभराने पाहिले, तर काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडे दूरवर पसरलेले दिसते. ते डिझेलचे. असे ऑइल आढळल्यास इंजिन तिथेच थांबवावे. पंपाची दुरुस्ती होईपर्यंत नुसते ऑइल बदलून चालवण्यात अर्थ नाही.

झिजलेल्या पंपाची आणखी एक खूण विदर्भातल्या उन्हाळ्यात हमखास भेटते. चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांवर गेलेला असतो. सकाळी पहिल्या फेऱ्यात सुरू झालेले यंत्र दुपारी तासभर चालवून बंद केले, की पुन्हा सुरू होत नाही. चालक पंपावर ओले फडके टाकतो, थोड्या वेळाने यंत्र सुरू होते, आणि ‘उन्हामुळे एअर धरला’ असे निदान होते. हवा बहुतेक वेळा निर्दोष असते. तापलेले डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून मागे निसटते. स्टार्टरच्या मंद फेऱ्यांत नोझल उघडण्याइतका दाबच तयार होत नाही. फडक्याने डिझेल थंड आणि किंचित घट्ट झाले, की काम भागते. ओल्या फडक्याने सुरू होणारा पंप म्हणजे एलिमेंट किंवा रोटर बदलण्याच्या मार्गावरचा पंप. चालत्या, तापलेल्या पंपावर थंड पाणी ओतणे मात्र कटाक्षाने टाळावे. बाहेरचे अंग आकसते, आतला रोटर फुगलेलाच असतो आणि पंप जागीच धरतो.

रबरी सीलची कथाही सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत १९९३ च्या ऑक्टोबरपासून रस्त्यावरील वाहनांच्या डिझेलमधील गंधक कमी करण्यात आले, आणि त्यानंतर जुन्या वाहनांचे पंप एकाएकी गळू लागल्याच्या तक्रारी आल्या. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधील काही सुगंधी हायड्रोकार्बनेही कमी होतात. ज्या जुन्या नायट्राइल रबराच्या रिंगा वर्षानुवर्षे त्या घटकांनी फुगून राहिल्या होत्या, त्या नव्या डिझेलमध्ये आकसल्या. वयाने कडक झालेल्या असल्यामुळे फट भरून काढू शकल्या नाहीत. भारतात एप्रिल २०२० पासून दहा लाखांत जास्तीत जास्त दहा भाग गंधक असलेले भारत स्टेज-६ डिझेल सर्वत्र मिळू लागले. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या यंत्राचा पंप उघडायचाच असेल, तर त्यातील सर्व सील एकदम बदलणे आणि शक्य तिथे फ्लुओरोकार्बन रबराचे, बाजारातील भाषेत ‘व्हायटन’चे, घेणे शहाणपणाचे ठरते. जैवडिझेलचे मिश्रण वापरणाऱ्यांनी तर ते घ्यावेच.

बेंचवरचे काम

दांड्याचे सील, एलिमेंट, रोटर, गव्हर्नरच्या पेटीतील भाग ही कामे झाडाखाली होणारी नाहीत. त्यांच्यासाठी पंप उतरवून पंप-नोझलच्या कारागिराकडे न्यावा लागतो. उतरवण्यापूर्वी इंजिन टायमिंगच्या खुणेवर आणून ठेवावे, पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनावर समोरासमोर बारीक रेघ ओढावी आणि मोकळी झालेली प्रत्येक नळी, प्रत्येक तोंड तत्काळ टोपणाने बंद करावे. टोपणे नसतील तर स्वच्छ प्लॅस्टिक बांधावे. कापसाचे वेस्ट कोंबू नये, त्याचा एक धागा नोझल अडवायला पुरेसा असतो. ऊर्जानगर-दुर्गापूरच्या परिसरात ही दक्षता दुप्पट लागते. कोळशाची धूळ हवेतच असते, तिचे बारीक कण प्लंजरच्या फटीत बसतील एवढे लहान असतात, आणि त्यासोबत येणारी माती व राख पोलाद घासायला पुरेशी कठीण असते. उघडा पंप तासभर यार्डात पडून राहिला, तर नव्या एलिमेंटचे आयुष्य बसवण्यापूर्वीच कमी झालेले असते.

चांगल्या कारागिराकडे टेस्ट बेंच असते. दुरुस्त केलेला पंप त्यावर चढवून विजेच्या मोटरने ठरलेल्या गतीवर फिरवतात, प्रत्येक प्लंजरने ठरावीक फेऱ्यांत दिलेले तेल काचेच्या मापनळ्यांत साठते, आणि सर्व नळ्यांतील पातळी जवळजवळ एकसारखी येईपर्यंत जुळवणी करतात. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. हे वेगवेगळ्या गतींवर करावे लागते : सुरू करतानाची, मंद, पूर्ण भाराची आणि गव्हर्नर इंधन तोडतो ती. मालकाने मापाचा कागद मागावा आणि जमल्यास बेंचसमोर उभे राहावे. नुसती ओ-रिंग बदलून, बेंचवर न चढवता ‘कॅलिब्रेशन केले’ म्हणून बिल देणारेही या धंद्यात आहेत. जास्तीत जास्त इंधनाच्या स्क्रूवर तार व शिसे लावून सील केलेले असते. ते तोडून ‘गाडीला थोडी ताकद’ देणे म्हणजे काळा धूर, तापलेले पिस्टन आणि वाढलेला डिझेलचा खर्च विकत घेणे होय.

पंप परत बसल्यावर नळ्यांतील हवा काढतात. आधी फिल्टरचा, मग पंपाचा पेच सैल करून हाताच्या फीड पंपाने बुडबुडे संपेपर्यंत डिझेल सोडायचे, शेवटी नोझलकडचे नट सैल ठेवून इंजिन स्टार्टरने फिरवायचे. जुन्या इंजिनांची ही रीत आजच्या कॉमन रेल इंजिनाला मात्र लावू नये. त्यात दाब हजार-दोन हजार वातावरणांच्या घरात असतो आणि इंजिन बंद केल्यावरही तो काही काळ नळीत टिकून राहतो. चालत्या इंजिनावर एकेक नट सैल करून ‘कुठला सिलिंडर मेला’ हे पाहण्याची जुनी सवय इथे जीवघेणी ठरू शकते. २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना कडक उत्सर्जन निकष लागू झाल्याने हे इंजिन आता शेतातही पोहोचले आहे.

थेंबाथेंबाच्या गळतीत किती डिझेल जाते, हाही प्रश्न विचारला जातो. डिझेलचा थेंब पाण्याच्या थेंबापेक्षा लहान, साधारण पन्नास थेंबांना एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब धरला, तर दहा तासांत पाऊण लिटरच्या आसपास. रोवणीच्या हंगामात रोज दहा तास इंजिन चालवणाऱ्या शेतकऱ्याच्या आठवड्याभराच्या गळतीत नव्या वॉशरचा संच सहज येतो. कोळसा यार्डातल्या बुलडोझरवर हिशेब पैशांचा राहत नाही. तापलेल्या टर्बोचार्जरशेजारी डिझेल आणि कोळशाच्या धुळीचा थर साचला, तर आग लागायला ठिणगीचीही गरज नसते. आणि ज्या ढिगावर हे यंत्र चालते, तो कोळसा हवा लागून आपोआप पेटू नये म्हणूनच तर ते त्याला दाबत असते. त्यामुळे यार्डात गळका पंप घेऊन उतरलेले यंत्र आधी बाजूला घ्यावे, धुवावे आणि मगच तपासावे.

उभ्या जनित्रासाठी पद्धत साधी आहे. आठवड्यातून एकदा ते भारावर चालवावे, सुरू व्हायला किती सेकंद लागले ते वहीत लिहावे आणि बंद करून जाताना पंपाखाली कोरा पांढरा कागद अंथरावा. पुढच्या आठवड्यात त्यावर डाग असेल, किंवा वहीतले सेकंद वाढत चालले असतील, तर पुडी आणि पुठ्ठा घेऊन शोधाला लागावे.